"मी नोकरी केली" : आजीची आणि तिच्या पिढीतल्या सेविकांची हकिकत

आपल्या वसाहतीतल्या जुन्या मंडळींना माझी आजी आठवत असेल. अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पहिल्या रांगेत ताठ बसणारी, पांढऱ्या सुती पातळातली, आणि प्रसाद वाटताना मुलांची नखे तपासणारी. १९८३ साली ती आमच्याकडे कायमची राहायला आली आणि २००९ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी गेली. मधल्या सगळ्या वर्षांत गणपतीचे दहा दिवस तिचा मुक्काम जवळजवळ मंडपातच असे. गेल्या काही वर्षांत हैदराबादला बदलून आलेल्या सहकाऱ्यांनी मात्र तिला पाहिलेले नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी तिच्याविषयी लिहावे असे मंडळाने सुचवले, म्हणून हा प्रयत्न.

आजीला कोणी "समाजसेविका" म्हटले की ती लगेच दुरुस्ती करायची. "मी नोकरी केली. महिन्याला पगार घेतला, सही करून घेतला." यात विनय नव्हता. उलट थोडा रागच असायचा. तो कशाचा, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. तिच्या ट्रंकेत कामाच्या दैनंदिन्या होत्या. कोणत्या तारखेला कोणत्या वाडीत गेले, किती मुले आली, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, अशा दोन-दोन ओळींच्या नोंदी. त्या वाचताना लक्षात आले की ही एका आजीची हकिकत आहेच, पण स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी पाठवल्या गेलेल्या सगळ्या बायकांचाही तो इतिहास आहे. पुढाऱ्यांची चरित्रे छापली गेली. या बायकांची नावे फक्त हजेरीपटावर राहिली.

निजामाच्या राज्यातली मुलगी

आजीचा जन्म १९२७ चा, नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातला. तेव्हा मराठवाड्याचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिचे लग्न १९४० साली झाले, म्हणजे तेराव्या वर्षी. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होता आणि त्यात मुलीचे किमान वय १४ होते. पण तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, संस्थानाला तो लागू नव्हता. आजी हसून म्हणायची, "आमच्याकडं कायदा पोचला तोवर मला पोरगा झाला होता." कायदा कागदावर होणे आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचणे यांतले अंतर तिने आधी स्वतःच्या आयुष्यात पाहिले आणि नंतर तेच अंतर कमी करण्याची नोकरी केली.

सासर हैदराबादचे, सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतले. आजोबा एका पेढीवर कारकून होते. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखांच्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. त्या दिवसांबद्दल आजी फारसे बोलत नसे. "दार लावून बसलो होतो" एवढेच सांगायची. १९५० मध्ये आजोबा विषमज्वराने गेले. आजी २३ वर्षांची, पदरी तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, आणि शिक्षण चौथीपर्यंत.

थोरल्या दिरांनी, म्हणजे माझ्या चुलत आजोबांनी, तिला पुन्हा शिकायला लावले. घरात त्यावरून कुरबुर झाली. विवेकवर्धिनी ही आपल्या हैदराबादच्या मराठी समाजाने १९०७ साली उभी केलेली संस्था. तिच्यामुळे आपल्या गल्ल्यांत मुलींच्या शिक्षणाची चर्चा नवी नव्हती. तरी विधवा सुनेने पाटी-पुस्तक घेऊन बाहेर पडणे लोकांना रुचणारे नव्हते. आजीने १९५३ मध्ये मिडलची परीक्षा दिली. त्याच वर्षी दिल्लीत एक घटना घडली. तिचा आजीशी संबंध येईल असे तेव्हा कोणाला वाटले नसते.

दुर्गाबाई आणि पंचवीस गावांची योजना

ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना झाली. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. दुर्गाबाई मूळच्या राजमहेंद्रीच्या, तेलुगू घरातल्या. जन्म १९०९ चा. आठव्या वर्षी लग्न लावलेले, ते त्यांनी वयात आल्यावर नाकारले. काकीनाडा येथे १९२३ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खादी प्रदर्शनाच्या दारावर त्या स्वयंसेविका होत्या, आणि तिकीट नाही म्हणून त्यांनी पंडित नेहरूंनाच अडवले, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, मग शिक्षण पुरे करून वकिली, संविधान सभेचे सदस्यत्व आणि नियोजन आयोग, असा त्यांचा प्रवास. जानेवारी १९५३ मध्ये त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हाचे अर्थमंत्री. म्हणजे दुर्गाबाई आपल्या सूनबाई झाल्या, असे मराठी मंडळी कौतुकाने म्हणत. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात आंध्र महिला सभेची महाविद्यालये आहेत. ती सभा त्यांनीच मद्रासला सुरू केली होती.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या कल्याणकार्यासाठी चार कोटी रुपये ठेवले होते, आणि ते वाटण्याची जबाबदारी या मंडळाकडे होती. पण दुर्गाबाईंच्या लक्षात आले की बहुतेक संस्था शहरांत आहेत. खेड्यात अनुदान घ्यायला संस्थाच नाही. म्हणून १९५४ मध्ये "कल्याण विस्तार प्रकल्प" सुरू झाले. साधारण पंचवीस गावांचा एक प्रकल्प, त्यात पाच-पाच गावांसाठी एक केंद्र. केंद्रावर ग्रामसेविका, दाई आणि हस्तकला शिक्षिका. सगळ्यांवर देखरेखीला मुख्य सेविका. बालवाडी, बाळंतपणातली काळजी, शिवण, साक्षरता, ही कामे.

आता प्रश्न असा होता की खेड्यात जाऊन एकटी राहील अशी बाई आणायची कुठून? शहरातल्या शिकलेल्या मुली जायला तयार नव्हत्या, आणि खेड्यातल्या शिकलेल्या नव्हत्या. मधल्या फटीत सापडल्या त्या आजीसारख्या बायका. विधवा, टाकलेल्या, थोडे शिकलेल्या, माहेरी किंवा सासरी ओझे झालेल्या. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या, त्यानंतर त्यांच्या स्मृतीसाठी जमलेल्या निधीतून उभ्या राहिलेल्या कस्तुरबा न्यासाने ग्रामसेविका तयार करण्याचे काम आधीच हाती घेतले होते. आजीचे प्रशिक्षण अशाच एका केंद्रात झाले. १९५५ मध्ये ती ग्रामसेविका म्हणून बोधनकडच्या भागात रुजू झाली. निजामाबाद जिल्ह्यातले, साखर कारखान्याचे हे गाव आज तेलंगणात आहे.

दुर्गाबाईंनी १९५८ मध्ये आणखी एक योजना आणली. प्रौढ बायकांसाठी दोन वर्षांत शालेय परीक्षा पुरी करून देणारे संक्षिप्त अभ्यासक्रम. स्वतःच्या घरी मुली गोळा करून त्यांना बनारसच्या मॅट्रिकला बसवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आजी स्वतः १९६० मध्ये बाहेरून मॅट्रिक झाली. पण तिने आपल्या पंचवीस गावांतून ज्या मुली या वर्गांना पाठवल्या, त्यांची नावे तिला शेवटपर्यंत पाठ होती. कोण नर्स झाली, कोण शिक्षिका झाली, कोण अर्ध्यावरून परत आली, आणि का.

पंतुलम्मा

काचिगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने जानकमपेटला उतरायचे, तिथून बोधनची गाडी, पुढे बैलगाडी किंवा चालत. आजीला तोडकेमोडके तेलुगू येत होते. वर्षभरात ते अस्खलित झाले. गावात तिला "पंतुलम्मा" म्हणत, म्हणजे मास्तरीण.

सुरुवातीच्या दैनंदिन्या वाचून वाईट वाटते. "आज बालवाडीत तीन मुले." "आज कोणी आले नाही." "पटेलांच्या घरी गेले, बायकांना बाहेर येऊ दिले नाही." युनिसेफकडून दुधाची भुकटी येई. ती प्यायल्याने मुलांचे पोट बिघडते असे लोक म्हणत. आजीने मग सगळ्यांसमोर पाणी उकळून, मापाने भुकटी घालून, आधी स्वतः प्यायला सुरुवात केली. पुढे महिनाभरात नोंद दिसते : "मुले सव्वीस. भांडी कमी पडली."

सगळ्यांत अवघड काम बाळंतपणाचे. गावात परंपरेने बाळंतपण करणारी बाई असे, तिला तेलुगूत मंत्रसानी म्हणतात. वरून आलेल्या सूचना अशा असत की जणू या बायका म्हणजे अडाणी आणि घातक. आजीने वेगळा मार्ग धरला. ती आधी सहा महिने मंत्रसानीच्या मागे पेटी घेऊन हिंडली. नाळ कापायला ती विळा वापरते हे पाहिले, पण आडव्या मुलाचे बाळंतपण तिला हाताने कळते हेही पाहिले. "तिचा हात आणि आपला साबण, एवढंच पाहिजे होतं," असे आजी सांगायची. युनिसेफच्या पेटीतली कात्री, दोरा, नखांचा ब्रश आणि साबण तिने मंत्रसानीच्याच स्वाधीन केले. नाळ कापण्यापूर्वी कात्री उकळायची, हा एकच नियम. जन्मल्यानंतर आठवड्याभरात दातखीळ बसून दगावणारी बाळे वाचली ती या नियमामुळे. प्रसाद वाटताना ती मुलांची नखे का तपासायची, हे वाचकांच्या आता लक्षात आले असेल.

मांजरेच्या दोन तीरांवर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन वाटे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. आजीचे माहेर मांजरा नदीच्या पलीकडे आणि नोकरी अलीकडे. एका रात्रीत दोन राज्ये झाली. वाटणी करताना जिल्हेही अखंड राहिले नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्रात आली. त्यामुळे मराठी बोलणारी कितीतरी गावे या बाजूला राहिली.

माहेरच्यांनी निरोप पाठवला की आता आपले राज्य तिकडे झाले, तू इकडे ये. आजी गेली नाही. मुलगा हैदराबादला शाळेत होता हे एक कारण. दुसरे तिने मला फार उशिरा सांगितले. "तिकडं मी अमक्याची विधवा मुलगी झाले असते. इथं मी पंतुलम्मा होते." परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाक्य विचार करायला लावणारे आहे. परक्या भाषेच्या मुलखात माणूस एकटा पडतो हे खरे. पण ज्या नावाने माणसाला गावात अडकवून ठेवले जाते, त्यातून सुटकाही कधी कधी परक्या मुलखातच होते.

पटवाऱ्याच्या ओसरीवर

जून १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा आला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा आणि त्यावर पूर्ण मालकी. दिल्लीत तो मंजूर झाला, पण जमिनीच्या कागदावर नाव चढवणारा पटवारी गावातलाच, आणि बहुधा दिराच्या बैठकीतला. ग्रामसेविकेच्या कामाच्या यादीत वारसाची नोंद नव्हती. आजी मात्र विधवांना घेऊन पटवाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसायची. भांडायची नाही. "नुसतं बसायचं. रोज. त्याला जेवायला उठताना आपल्याला ओलांडून जावं लागलं पाहिजे," ही तिची पद्धत. काही नोंदी झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत. एकदा वरून तंबीही आली की हे काम तुमचे नव्हे.

पुढे १९८६ च्या दुरुस्तीने आंध्र प्रदेशाने मुलींना वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः वाटा दिला. महाराष्ट्रात ती सुधारणा १९९४ मध्ये झाली आणि देशभर २००५ मध्ये. आजीला याचा अभिमान होता. माहेरच्यांना ती मुद्दाम सांगायची, "आमच्या आंध्रात आधी झालं."

नारू

१९६२ मध्ये आजी मुख्य सेविका झाली आणि काही वर्षांनी महबूबनगरकडच्या कोरड्या भागात तिची बदली झाली. तिथे नारू होता. आजच्या पिढीला नारू माहीत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. आजोळी मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे ज्यांचे बालपण गेले त्यांनी म्हाताऱ्यांच्या पायावरचे व्रण पाहिले असतील. तेलुगूत त्याला नारी कुरुपु म्हणतात.

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे, तो पाण्यात उभा राहिला की फोडातून हजारो अळ्या पाण्यात जात. पाण्यातला डोळ्याला जेमतेम दिसणारा जलपिसू त्या खाई. तो पिसू पाण्यातून माणसाच्या पोटात गेला की साधारण वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर पडे. त्याला काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. नेमका तो पेरणीचा हंगाम असे. औषध नव्हतेच, आजही नाही. उपाय दोनच. फोड असलेल्याने पाण्यात उतरायचे नाही आणि पाणी गाळून प्यायचे.

सांगायला सोपे, करायला महाकठीण. विहिरीत उतरू नको म्हणजे पाणी भरू नको, आणि मग घरात पाणी कोण आणणार? आजीने घराघरात जुन्या धोतराचे दुहेरी गाळणे बांधायला शिकवले, आणि ज्या घरात नारू असेल त्या घरचे पाणी शेजारणीने भरायचे असा ठराव महिला मंडळांकडून करून घेतला. जातीचा प्रश्न आला की ठराव मोडायचा. दैनंदिनीत ते स्पष्ट लिहिलेले आहे : "शेजारीण तयार, सासू नको म्हणते. पुन्हा जाणे."

पुढे खोल विंधन विहिरी आणि हातपंप आले, तेव्हा हा फेरा तुटायला लागला. आपल्याला माहीत असलेला "इंडिया मार्क टू" हा हातपंप जालन्याच्या मिशनमध्ये आणि सोलापूरला तयार झालेल्या पंपांवरून सुधारून बनवलेला आहे, हे मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे. देशव्यापी नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ते कात्रण आजीच्या दैनंदिनीत चिकटवलेले आहे. त्याखाली तिने काही लिहिलेले नाही, फक्त तारीख घातली आहे.

मानधन

आता आजीच्या रागाविषयी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला. आहार, लसीकरण, बालवाडी, गरोदर बायकांची काळजी, म्हणजे आजीच्या पिढीने जे वीस वर्षे केले तेच आता मोठ्या प्रमाणावर. आजीला आनंद झाला. पण नेमणुकीच्या कागदात एक शब्द बदलला होता. अंगणवाडी सेविकेला पगार नव्हता, "मानधन" होते. ती नोकर नव्हती, "मानसेवी कार्यकर्ती" होती. मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये आणि न झालेलीला १००.

आजी स्वतः गटाच्या आस्थापनेवर होती. तिला वेतनश्रेणी होती, पुढे पेन्शन मिळाली. पण तिच्या हाताखाली ज्या बायका आल्या, ज्यांना तिने स्वतः गावागावांतून शोधून आणले होते, त्यांना त्यातले काहीच नव्हते. "सेवा" या शब्दावर तिचा राग होता तो इथला. तिचे म्हणणे असे, की तलाठ्याला कोणी समाजसेवक म्हणत नाही, पाटबंधाऱ्याच्या कारकुनाला म्हणत नाही. मग मुलांना जेवू घालणाऱ्या बाईचेच काम सेवा का? "सेवा म्हटलं की पैसे कमी द्यायला बरं पडतं." म्हणून ती स्वतःला नोकरदार म्हणवून घ्यायची. तो शब्द तिला स्वतःसाठी नको होता, त्या बायकांसाठी हवा होता.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षे त्या बायका आमच्या घरी येत. कोणाचा अर्ज, कोणाचे थकलेले पैसे. आजी समोरच्या खोलीत पाट मांडून त्यांचे अर्ज लिहायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात अंगणवाडी सेविकांचे पद हे सरकारी पद नव्हे असा निकाल दिला, तेव्हा ती ७९ वर्षांची होती. तिने तो निकाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "बरं. पुन्हा लिहायला घ्यावं लागेल."

वडिलांची अक्का

या हकिकतीची एक बाजू घरातली आहे. ती गाळली तर लेख खोटा होईल. वडील हैदराबादला काका-काकूंकडे वाढले. काकूला ते "आई" म्हणत आणि आजीला, बाकी सगळे म्हणत म्हणून, "अक्का". ती दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी यायची आणि रविवारी रात्री परत जायची. वडिलांच्या मनात ती अढी कायम राहिली. "अक्काने पंचवीस गावांची मुले सांभाळली," एवढेच ते म्हणत, आणि पुढचे वाक्य बोलत नसत.

आजीला मी एकदा हे विचारले. ती रागावली नाही. म्हणाली, "अर्ध्या पगाराची मनिऑर्डर दर महिन्याला येत होती. बाप मुलाला घरी ठेवून फिरतीची नोकरी करतो, त्याला कोणी विचारतं का?" थोड्या वेळाने मात्र म्हणाली, "तो शाळेत जायला लागला तो दिवस मी पाहिला नाही. तेवढं राहिलं." दोन्ही वाक्ये खरी होती आणि ती एकमेकांना खोडत नव्हती. वडिलांनी तिच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने रजा काढून तिची सगळी शुश्रूषा केली. हाक मात्र शेवटपर्यंत "अक्का" हीच राहिली.

मंडपातली आजी

फेब्रुवारी १९८३ मध्ये आंध्र सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ केले आणि आजी २८ तारखेला घरी बसली. पुढे वय पुन्हा ५८ झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण ती पुन्हा त्या खटपटीत पडली नाही. ती आपल्या वसाहतीत आली आणि तिने शेजारच्या वस्तीत लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करायला सुरुवात केली.

मंडळाच्या जुन्या सभासदांना हळदी-कुंकवाची गोष्ट आठवत असेल. गौरीच्या दिवशीच्या समारंभाचा हिशेब आजी ठेवायची, पण मंडपात यायची नाही, कारण विधवांना बोलावण्याची पद्धत नव्हती. दोन वर्षे तिने काही म्हटले नाही. तिसऱ्या वर्षी हिशेबाच्या वहीत तिने लिहिले : "वर्गणी देणाऱ्या बायका एवढ्या, बोलावलेल्या एवढ्या." आणि वही बैठकीत ठेवली. त्या वर्षीपासून निमंत्रण "वसाहतीतील सर्व महिलांना" असे जाऊ लागले. पहिल्या वर्षी काही जणी आल्या नाहीत. आता तशी पद्धत कधी होती, हे नव्या सुनांना सांगितले तर खरे वाटत नाही.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्याआधी २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले होते. शब्द अजून "मानधन" हाच होता. निकाल आला तेव्हा आजीला जाऊन तेरा वर्षे झाली होती. तिच्या हाताखालच्या बायकांपैकी एक, आता ऐंशीच्या घरातली, फोनवर मला म्हणाली, "आम्हाला त्याचा उपयोग नाही बाबा. पण पंतुलम्मा असत्या तर पेढे वाटले असते, आणि उद्यापासून पेन्शनचा अर्ज लिहायला बसवलं असतं."

आपल्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे आजही एक अंगणवाडी आहे. आजीविषयी आदर वाटत असेल, तर तिच्या फोटोला हार घालण्याआधी तिथल्या सेविकेला एकदा भेटावे. त्यांना या महिन्याचे पैसे मिळाले का, एवढे विचारावे. आजीने तेच विचारले असते.

तिच्या आणि तिच्याबरोबर गावोगाव चाललेल्या सर्व सेविकांच्या स्मृतीस नम्र अभिवादन.